ओठावरचं वळं

नळीच्या एका तोंडाला खालचा ओठ दाबून लावायचा, डोळे मिटायचे आणि दुसऱ्या तोंडातून दट्ट्या हळूच बाहेर ओढायचा. नीट बसलेला दट्ट्या ओढताना ओठ आत खेचतो. मिस्त्री तसाच थोडा वेळ थांबायचा, मग नळी बाजूला करून माझ्यापुढं तोंड करायचा. "बघा. वळं पुरं हाय का?"

मग मी, पन्नाशी उलटलेला बाप्या, दुसऱ्या बाप्याच्या ओठाकडं निरखून बघायचो. ओठावर लाल गोल वळं उमटलेलं असायचं. सगळीकडून सारखं असलं तर काम झालं. एका अंगाला पुसट असलं तर तो म्हणायचा, "वारा पळतोय. धरा चाक."

तुम्ही हसाल. शेडच्या दारावरून जाणारी माणसं हसायचीच. पण त्या वळ्यावर त्याचं पोट होतं, आणि त्याच्या मागं आणखी एक गोष्ट होती. ती मला दिसत असून कळली नाही. तीच सांगायला बसलो आहे. मी लिहिणारा माणूस नाही. मराठी तिसरी झाली आणि बापानं मेंढरांमागं धाडलं. आता बायको गेल्यावर घरात बोलायला कोणी नाही, म्हणून कागदाशी बोलतो.

मुळशीला धरणाचं काम चालू होतं तेव्हाची गोष्ट. माझा जमिनीचा तुकडा पाण्यात जायचा होता आणि मी त्याच कामावर मजुरीला लागलो होतो. भाऊबंद नावं ठेवायचे. ठेवोत. मला एका पत्र्याच्या शेडमध्ये चाक फिरवायचं काम मिळालं. शेडमध्ये एक लहान लेथ होता. लोखंड गोल फिरवून तासायचं यंत्र. त्याचं मोठं चाक हातानं फिरवावं लागे. मी चाक फिरवायचो आणि मिस्त्री तासायचा.

तो नगराकडचा. वय चाळीसच्या आसपास. मानमोडीच्या तापाच्या साथीत त्याची बायको गेली, त्यानंतर तो गावी फिरकला नाही. अंगानं सडपातळ, मिशी कातरलेली, आणि बोलणं मोजकं. मला तो 'चाकवाले' म्हणायचा. मी चाक फिरवता फिरवता मान वळवून बघायला लागलो की म्हणायचा, "चाकवाले, बैल मागं बघाया लागला की तास वाकडा जातो."

कामावरच्या एका साहेबाला बोटींचा नाद होता. मोठ्या नव्हे, दीड हात लांबीच्या. आत नारळाएवढं पेट्रोलचं इंजिन. अडलेल्या पाण्यात एक खांब रोवायचा, त्याला दोरी, दोरीच्या टोकाला बोट. इंजिन चालू केलं की बोट खांबाभोवती अशी गोल पळायची की नजर ठरत नसे. रविवारी पुण्याहून आणखी दोन साहेब आपापल्या बोटी घेऊन यायचे. घड्याळ लावून फेरे मोजायचे. एवढी शिकलेली माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहून ओरडायची. आम्ही काठावर बसून बघायचो.

पण कामावर रात्रंदिवस दगड फुटत होता आणि ती धूळ इंजिनात जायची. इंजिनाच्या नळीत जो दट्ट्या वरखाली होतो, साहेब त्याला पिष्टन म्हणायचा, तो एका हंगामात झिजायचा. नळीही वरच्या अंगाला सैल व्हायची. मग आतला दाब दट्ट्याच्या कडेनं निसटायचा आणि बोट दमेकऱ्यासारखी चालायची. नवा दट्ट्या विलायतेहून यायला महिने लागत. म्हणून साहेबानं मिस्त्रीला या कामावर बसवलं. मिस्त्रीला स्वतःची खोली मिळाली, लेथ मिळाला आणि चाक फिरवायला मी मिळालो.

पहिल्यांदा त्याचं काम बघितलं तेव्हा मला तो माणूस वेडा वाटला. त्यानं शिशाचा दांडा घेतला, त्याला कुरुंदाच्या कडक दगडाची पूड आणि तेल लावलं आणि नळी आतून घासत बसला. दोन दिवस. नळी आरशासारखी झाली, पण घासून घासून आणखी मोठी झाली. दट्ट्या आत टाकला तर खुळखुळा वाजावा तसा वाजला.

मी म्हणालो, "मिस्त्री, ह्ये तर हुतं त्यापरास बिघडवलंत."

"आता दट्ट्या वाढवायचा."

"लोखंड वाढतंय व्हय? काय पोर हाय?"

"वाढतं," तो म्हणाला. "पोरापरास बरं वाढतं. खायाला मागत न्हाई."

त्यानं एका मडक्यात कोळसा भरला, मधे दट्ट्या ठेवला, वर झाकण ठेवून चिखलानं लिंपलं आणि भट्टीत घातलं. लाल झाल्यावर मडकं बाहेर काढून दट्ट्या राखेत पुरला. निवल्यावर पुन्हा मडक्यात. असं सात-आठ वेळा. मग मापाला लावला तर दट्ट्या खरंच केसभर फुगला होता. साहेबाचा विश्वास बसेना. त्यानं आपलं माप आणलं, दोनदा लावलं, मग माप बिघडलंय का म्हणून ते कारकुनाकडं देऊन बघितलं.

ही अक्कल त्याला बॉयलरवर काम करताना आली होती. बॉयलरच्या भट्टीत ओतीव लोखंडाच्या शिगांची जाळी असते. त्या शिगा तापून तापून लांब होतात आणि चौकटीत अडकतात. दर वर्षी टोकं कापावी लागतात. बाकीचे कापून मोकळे व्हायचे. हा कापलेला तुकडा हातात घेऊन बसायचा.

फुगलेला दट्ट्या मग पितळी कड्यात पूड लावून थोडा थोडा उतरवायचा, नळीत बसेल एवढाच. इथं बारीक पूड लागते. पुडीचा विलायती डबा संपला होता आणि मिस्त्री बाजारातल्या धार लावायच्या सहाणेचा तुकडा कुटून पूड करत होता. तिच्यात एखादा जाड कण राहायचाच, आणि दोन दिवसांच्या कामावर ओरखडा ओढायचा. त्या दिवशी तो जेवायचा नाही.

एकदा असाच उपाशी बसला होता म्हणून मी त्याला घरी घेऊन गेलो. चैत्र होता. माझी बायको कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढत होती. मिस्त्री आपलं दुःख मला सांगत होता, तिला ऐकू गेलं. तिनं वर न बघता विचारलं, "भाऊजी, पूड पान्यात कालवता का?"

तो म्हणाला, नाही.

"मंग कशी व्हईल? पान्यात कालवा. जाड असंल ते आधी तळाला जातं. वरलं गढूळ पानी दुसऱ्या भांड्यात वता आन् ते ठिवा. दुसऱ्या दिशी तळाला जे बसंल ते बारीक. आनी बारीक पायजे असंल तर आनी एक भांडं. चीक असाच काढत्यात. येवढं इंजनाचं मिस्त्री, आन् कुरडई कशी हुती ते ठावं न्हाई."

मिस्त्री तिच्यापुढं उकिडवा बसला आणि तिचं काम बघत राहिला. नंतर शेडमध्ये त्यानं पाच मडकी ओळीनं मांडली. पाचव्या मडक्यातली पूड दोन बोटांत चोळली तर कळायचीही नाही. त्या दिवसापासून तिला 'वैनी' म्हणताना त्याचा आवाज बदलला. आणि दुपारचं जेवण तो आमच्याकडं जेवायला लागला.

आम्हाला मूलबाळ नव्हतं. आमच्या दोघांच्या घरात तिसरं ताट पडलं, हे तिला आवडायचं. त्याला पिठलं आवडतं म्हणून आठवड्यातून चार वेळा पिठलं. मी कुरकुर केली तर म्हणायची, "तुमी चाक फिरवता. डोकं त्यांचं शिनतं."

मग दुसऱ्या वर्षी तिनं एक नवीनच खूळ काढलं. पितळी ताटं फळीवर ठेवली आणि पत्रावळीवर वाढायला लागली. रानातून कुड्याची पानं आणायची, सकाळी बसून टाचायची, दुपारी त्यावर जेवण. त्याला, मला आणि स्वतःलाही. मी म्हणालो, रोजचं काय लग्न आहे घरात? म्हणाली, पानावर जेवण गोड लागतं. द्रोणात पिठलं गळायचं. मी चिडायचो. मिस्त्री मुकाट जेवायचा, उठायचा, आपलं पान आपण गुंडाळायचा आणि लांब नेऊन जाळायचा. तिघांचीही पानं तोच जाळायचा. मला वाटायचं, नीटनेटका माणूस आहे.

त्याच वर्षी त्यानं नळीला ओठ लावायला सुरुवात केली. हे आधीच सांगायला हवं होतं. पहिल्या वर्षी तो ओठ लावत नव्हता, अंगठा लावायचा. अंगठ्यानं तोंड बंद करायचं, दट्ट्या ओढायचा आणि अंगठा आत खेचला गेला की मान हलवायची. माझ्याकडून वळं बघून घ्यायची तेव्हा गरज नव्हती. त्याचं त्याला समजायचं.

आणि आणखी एक. राखेत पुरलेला दट्ट्या निवायला वेळ लागतो. पहिल्या वर्षी तो चिमट्यानं काढायचा. नंतर हात घालून काढायला लागला. मी एकदा बोट लावून बघितलं तर पाण्यात बोट घालून नाचायची पाळी आली. तो मात्र तळहातावर घेऊन उलटासुलटा करून बघायचा. कामावरची माणसं हे बघायला यायची. कोणी म्हणायचं मंतर आहे, कोणी म्हणायचं भट्टीवर राहून हात पिकला. मी छाती काढून उभा राहायचो, जणू माझाच हात.

त्या हंगामाच्या शेवटच्या रविवारी साहेबाची बोट पुण्याच्या दोघांना हरवायचीच, असं ठरलं होतं. मिस्त्रीनं तीन आठवडे त्या एका दट्ट्यावर घातले. बोट पाण्यात सोडली आणि काय आवाज निघाला, सांगतो. शिवणारीण उभं कापड एका हिसक्यात फाडते, तसा. दुसऱ्या दोन्ही बोटी मागं पडल्या. आमचा साहेब टोपी काढून पाण्यात नाचला.

मग सगळे काठावर आले. साहेबानं मिस्त्रीच्या पाठीवर थाप मारली आणि कारकुनाला काहीतरी म्हणाला. कारकून म्हणाला, "साहेब विचारतात, हे तुम्ही केलं कसं?"

मिस्त्री पाण्याकडं बघून म्हणाला, "घासून घासून."

एवढंच. मला राहवलं नाही. एवढं काम केलं आणि हा माणूस दोन शब्दांत उरकतो. मी पुढं झालो. "तसं न्हाई," मी म्हणालो. "आमचा मिस्त्री लालभडक दट्ट्या निखाऱ्यातनं नुसत्या हातानं काढतो. त्याला भाजतच न्हाई. सांगा साहेबाला."

राखेतून काढायचा, निखाऱ्यातून नव्हे. तेही मी वाढवून सांगितलं.

कारकुनानं सांगितलं. दोन साहेब हसले. तिसरा हसला नाही. तो पुण्याच्या छावणीतला डॉक्टर होता. त्यानं मिस्त्रीला जवळ बोलावलं, त्याचा हात धरला आणि उलटा करून बघितला. मनगट बघितलं. कोपराच्या मागं बोटांनी चाचपलं. कानाची पाळी धरून उन्हाकडं वळवली. मग कारकुनाकरवी सांगितलं, डोळे मिटा, आणि जिथं टोचेल तिथं सांगा.

मिस्त्रीनं डोळे मिटले. नळीला ओठ लावताना मिटायचा तसेच.

डॉक्टरनं कोटाची टाचणी काढली आणि करंगळीला टोचली. मग तिच्या शेजारच्या बोटात. मग अंगठ्यात. अंगठ्यावर रक्ताचा थेंब आला. मिस्त्री तसाच उभा. थोड्या वेळानं म्हणाला, "अजून टोचलं न्हाई साहेबांनी."

कारकून दोन पावलं मागं सरला. ते बघून बाकीची माणसंही सरली. मिस्त्रीनं डोळे उघडले तेव्हा त्याच्या भोवती एवढी मोकळी जागा झाली होती की त्याला कोणी काही सांगायची गरज पडली नाही. त्यानं अंगठ्याकडं बघितलं आणि तो धोतराला पुसला. माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. महारोग आहे म्हणाले, साहेबानं पुण्याच्या पलीकडच्या आश्रमाची चिठ्ठी दिली, उद्या शेड सोडायची.

ती चुलीपुढं बसली होती. म्हणाली, "डाक्तरला कुनी सांगितलं?"

मीच सांगितलं, असं मी म्हणालो.

तिनं लाकूड मागं ओढलं. "मला येक वरीस ठावं हुतं," ती म्हणाली. "चुलीवरलं पिठल्याचं भांडं त्यांनी उघड्या हातानं सरकवलं. म्या बघितलं. बोटाला फोड आली तरी जेवत्यात. तवापास्नं पानं लावली. येकट्याला पान वाढलं असतं तर त्यांस्नी कळलं असतं. म्हनून समद्यांस्नी वाढलं."

मी म्हणालो, मला का नाही सांगितलं?

"तुमच्या तोंडात ऱ्हातं का काई?" आणि लाकूड पुन्हा आत सारून म्हणाली, "मी भीत हुते. रोज भीत हुते. पर नगा येऊ म्हनायला त्वांड उघडंना. आन् तुमी येवढ्या मानसांत उघडलं."

त्या एका वर्षात ती किती पानं टाचत बसली असेल, ते माझ्या डोळ्यांपुढं आलं. आणि मी पिठलं गळतं म्हणून चिडत होतो.

सकाळी त्याचं सामान शेडबाहेर पडलं होतं. कोणी तरी काठीनं ढकललं होतं. साहेबानं मोटारलॉरीनं न्यायला सांगितलं होतं, पण ड्रायव्हरनं लॉरीच्या टपालाही हात लावू दिला नाही. मिस्त्री वळकटी घेऊन पायीच निघाला. बायको मला म्हणाली, "जावा. पौडापतूर तरी सोडून या. तेवढं तरी करा."

मी गेलो. तो मला शेजारून चालू देईना. दहा हात अंतर ठेवून चालला, आणि वारा फिरला की रस्त्याची बाजू बदलायचा, म्हणजे त्याच्या अंगावरचा वारा माझ्याकडं येऊ नये. ऊन चढलं. आम्ही दोघं असे रस्त्यानं चाललो की बघणाऱ्याला वाटावं, भांडण झालंय. पौडाच्या अलीकडं तो आंब्याखाली बसला. मी पलीकडं धोंड्यावर बसलो. तिथं मी सांगितलं, "मिस्त्री, म्या सांगितलं म्हनून ह्ये झालं."

"व्हय," तो म्हणाला.

मला वाटलं होतं, तो म्हणेल तसं काही नाही. तो म्हणाला नाही. पाणी प्यायला, तोंड पुसलं आणि मग बोलला.

"मला दीड वर्सं ठावं हुतं. वैनींच्या हातचं खाताना रोज म्हनायचो, उद्या सांगू. न्हाई सांगितलं. दुपार झाली की पाय तिकडंच वळायचं. तुमी सांगितलंत त्ये येका अर्थी बरं झालं, चाकवाले. पर त्या पान्यावर नगं हुतं. माझी बोट पळत हुती तवा नगं हुतं."

मी रडलो. मला लाज नाही सांगायला. तो बघत राहिला. उठून जवळ यायचं त्याच्या पायात आलं होतं, ते मला दिसलं. तो आला नाही.

वळकटी खांद्यावर घेताना म्हणाला, "वैनींस्नी सांगा, पानावरलं जेवन लई गोड लागलं." आणि मला पुढं येऊ नका म्हणाला.

मी घरी येऊन तिला तसंच सांगितलं. तिनं तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी फळीवरची पितळी ताटं काढून राखेनं घासली. दोनच.

त्यानंतर दोन वर्षं ती अधूनमधून म्हणायची, जाऊन येता का? मी म्हणायचो, दुसऱ्याच्या रानातली पेरणी होऊ दे. मग, मेंढरांची कातरणी होऊ दे. खरं सांगायचं तर मला तोंड दाखवायचं नव्हतं. गेल्या मार्गशीर्षात तिच्या छातीत कफ धरला आणि ती आठ दिवसांत गेली. शेवटी शेवटी काही मागायची नाही. मिस्त्रीचं नावही काढलं नाही. मी वाट बघत होतो की काढेल, म्हणजे मला हो म्हणता येईल.

तिचे दिवस झाले आणि मी निघालो. पौड, भुकूम, पुणं आणि पलीकडं. ती गेली हे त्याला मीच सांगायला हवं होतं.

आश्रमाच्या फाटकावर एक रखवालदार होता. त्यानं नाव विचारलं. मला मिस्त्रीचं नाव सांगता आलं, पण ते तिथं कोणाला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, इंजिनाचा मिस्त्री. तो म्हणाला, "पंपवाले? ते आषाढात गेले."

मी फाटकाशी बसलो. रखवालदार बोलका होता. त्यानं सांगितलं, इथं विहिरीवर हातपंप आहे. जुना होता, दट्ट्या सैल. रोज सकाळी वरून पाणी ओतायचं आणि पन्नास वेळा दांडा मारायचा, तेव्हा पाणी यायचं. ज्यांना बोटं नाहीत त्यांनी दांडा धरायचा कसा? बायका रडायच्या. मिस्त्रीची बोटंही तोवर वळली होती. त्यानं पंप उतरवून घेतला. शिशाचा दांडा कोपराला फडक्यानं बांधायचा आणि पंपाची नळी आतून घासायची, चार महिने. ज्यांचे हात बरे होते त्यांना पूड चाळायला, पाण्यात कालवायला बसवलं. दट्ट्या कसा वाढवला, ते रखवालदाराला सांगता आलं नाही. म्हणाला, मडक्यात काहीतरी शिजवत होते.

मी म्हणालो, मला तो पंप बघायचाय.

त्यानं आत सोडलं, पण लांब उभं राहायला सांगितलं. एक म्हातारी घडा घेऊन आली. तिच्या हातांना बोटं नव्हती. तिनं घडा पायानं सरकवला, दांड्यावर कोपर टेकवलं आणि नुसतं दाबलं. धार पडली. तिनं आणखी एकदा दाबलं. घडा भरायला लागला.

मी जवळ गेलो. म्हणालो, "आजे, पानी दी."

रखवालदार मागून म्हणाला, "अहो बाबा, बाहेरची माणसं इथलं पाणी पीत नाहीत. हापिसात वेगळा माठ आहे, थांबा, आणतो."

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं. मग रखवालदाराकडं. दांड्यावरून कोपर काढलं नाही, पण दाबलंही नाही.

मी चप्पल काढली, खाली बसलो आणि धारेच्या जागी ओंजळ धरली.

"दाब," मी म्हणालो.